कमरेची गोळी: लागते कशी, सोडायची कशी

केज तालुक्यातल्या एका बाजारगावात माझं मेडिकल आहे, १९९७ पासून. गल्ल्याजवळ दोन वह्या असतात. एक सरकारी तपासणीला दाखवायची, दुसरी उधारीची. गोळीची सवय कशी लागते हे मला डी. फार्मच्या पुस्तकातून कळलं नाही, उधारीच्या वहीतून कळलं.

त्या वहीत एका ऊसतोड गड्याचं पान आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, सोबत टायरगाडी. सहा महिने फडात ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरायची, कारखान्यावर रात्र-रात्र नंबर लावून बसायचं. चैत्रात गावाकडं आला की कंबर धरून माझ्या पायरीवर टेकायचा. पहिली नोंद दहा गोळ्यांच्या एका पाकिटाची. पुढची सतरा दिवसांनी. मग अकरा दिवसांनी, मग सहा, मग चार. पोळ्यापर्यंत एक दिवसाआड पाकीट. चिठ्ठी खरी होती, पण ती पाच दिवसांची होती, आणि तिच्यावर मी चार महिने माल दिला.

एकदा विचारलं, "अप्पा, कंबर अजून तेवढीच दुखती का?"

"कमरेचं काही नाही ओ आता," तो म्हणाला. "पण ती नाही घेतली की डोळ्याला डोळाच लागंना गेलाय. अन् हात बघा कसे करायलेत." त्यानं हात पुढं केले. थरथरत होते.

मी पाकीट दिलं. कारण त्या दिवसांत माझेही हात सकाळची गोळी पोटात जाईपर्यंत तसेच थरथरायचे. माझं पान मात्र वहीत नव्हतं. दुकानदार स्वतःला उधार देत नाही. फळीवर हात घालतो आणि घेतो.

२०१५च्या उन्हाळ्यात मांजरा नदीच्या पुलाजवळ खडीवरून माझी मोटारसायकल घसरली. मणक्यातली गादी सरकली. हाडाच्या डॉक्टरांनी रात्री एक कॅरिसोप्रोडॉल लिहून दिली, दहा दिवस. दुखणं दीड महिन्यात उतरलं. गोळी साडेतीन वर्षं चालली आणि एकाच्या आठ झाल्या. त्यातून मी कसा बाहेर आलो, आणि त्यानंतर पायरीवर येणाऱ्यांना काय सांगतो, ते इथं लिहितोय. मी डॉक्टर नाही. गोळ्या किती आणि कशा कमी करायच्या हे ठरवायचं काम डॉक्टरचंच. पण डॉक्टरपर्यंत पोचायच्या आधी आणि तिथून घरी आल्यावर जे करावं लागतं, ते कुणी सांगत नाही.

पाकीट उलटं करून वाचा

गावात सगळ्यांना एकच नाव: कमरेची गोळी. कुणी नसेची म्हणतं, कुणी अंग मोकळं करायची. पण पाकिटाच्या मागच्या बारीक अक्षरात चार-पाच वेगवेगळी औषधं निघतात आणि प्रत्येकाची जात निराळी. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून वाचून घ्या. नावाच्या शेवटी 'एमआर' असेल तर त्यात बहुधा स्नायू सैल करणारं औषध आहे. 'एसपी' असेल तर ते सुजेचं, त्यात हे नसतं.

सवय लावण्यात सगळ्यात पुढं कॅरिसोप्रोडॉल. ही गोळी स्नायूला हातसुद्धा लावत नाही. अर्ध्या तासात मेंदूला सुस्त करते, त्यामुळं दुखणं लांब गेल्यासारखं वाटतं, आणि चार-सहा तासांत तिचा जोर उतरतो. तेवढ्यात यकृत तिचं मेप्रोबामेट करतं. हे मेप्रोबामेट म्हणजे १९५५ साली अमेरिकेत मन शांत करायची गोळी म्हणून बाजारात आलेलं आणि पुढं सवय लावतं म्हणून बदनाम झालेलं औषध. म्हणजे तुम्ही कमरेची गोळी गिळता आणि पोटात गेल्यावर ती झोपेची होते. २००७ साली युरोपच्या औषध संस्थेनं फायद्यापेक्षा धोका जास्त म्हणून ती बाजारातून काढायला सांगितली. अमेरिकेनं २०१२च्या जानेवारीत तिला सवय लावणाऱ्या नियंत्रित औषधांच्या यादीत टाकलं. तिथल्या माहितीपत्रकातही दोन ते तीन आठवड्यांपेक्षा जास्त घेऊ नये असंच लिहिलेलं असतं. आपल्याकडं २०२५च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं टॅपेंटाडॉल (अफूच्या जातीचं दुखण्यावरचं औषध) आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळ्यांचं उत्पादन आणि निर्यात बंद केली. त्या गोळ्या आपल्याच महाराष्ट्रातून पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी जात असल्याचं बाहेर आलं होतं. ती बातमी वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता.

डायझेपाम हे झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांच्या घरातलं. स्नायू आखडल्यावर चांगलं चालतं, पण रोज घेतलं तर काही आठवड्यांत शरीर त्याच्यावर टेकून उभं राहायला लागतं. १ मार्च २०१४ पासून ते 'एच१' या कडक नोंदीच्या सरकारी यादीत आहे. देताना आम्हाला रुग्णाचं, डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. तुमचा मेडिकलवाला नाव न विचारता ही गोळी देत असेल तर तो तुमच्यावर उपकार करत नाही.

टिझानिडिन नशेसाठी फारसं कुणी घेत नाही, पण मोठ्या मात्रेत बरेच दिवस घेऊन एकदम थांबवलं तर रक्तदाब उसळतो आणि छातीत धडधड सुटते. दुसरं एक यात महत्त्वाचं: जुलाबावर किंवा लघवीच्या जळजळीवर लोक मनानं सिप्रोफ्लॉक्सासिन घेतात. ती टिझानिडिनसोबत घ्यायचीच नाही. टिझानिडिनचं प्रमाण रक्तात कैक पटीनं वाढतं, रक्तदाब कोसळतो आणि माणूस उभ्या-उभ्या पडतो.

बॅक्लोफेनचं पुन्हा वेगळं. मणक्याला मार लागून पाय कडक झालेत, पक्षाघात झालाय, अशांना ती वर्षानुवर्षं लागते. त्यांना व्यसनी म्हणू नये. पण ती संपली म्हणून दोन दिवस राहून गेली, असं होता कामा नये. एकदम थांबवली तर भास होतात, ताप चढतो, झटके येतात. किडनी अधू असेल तर ती अंगात साठत जाते, म्हणून डॉक्टरला किडनीचं आधी सांगायचं.

क्लोरझॉक्साझोन आणि थायोकोल्चिकोसाइड यांची ओढ त्यामानानं कमी. थायोकोल्चिकोसाइड मुळातच सात दिवसांचं औषध आहे. पण या दोन्ही गोळ्या बहुतेक वेळा जोडगोळीत येतात आणि खरा घात जोडीदार करतो. अशा एका गोळीत बहुधा ॲसिक्लोफिनॅक हे दुखण्याचं औषध १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं. दिवसाला ॲसिक्लोफिनॅक २०० च्या वर जायचं नसतं, म्हणजे दोन गोळ्या. आठ खाल्ल्या तर ८००. पोटात व्रण, काळी शी, किडनी, हे सगळं मग त्या जोडीदाराच्या खात्यावर. वर अंगात कणकण आली म्हणून तापाची गोळी घेतली की पॅरासिटामॉलही वाढलं, ते यकृतावर.

स्वतःचं पान काढा

सवय आणि व्यसन यात फरक आहे. रोज घेतल्यानं शरीर गोळी धरून चालायला शिकतं आणि ती काढली की लंगडतं, ही झाली सवय. ती कुणालाही लागते, चांगल्या घरातल्या माळकरी म्हातारीलासुद्धा. गोळीसाठी खोटं बोलायला लागलो, लपवायला लागलो, काम बिघडतंय हे दिसूनही थांबता येत नाही, ते व्यसन. माझ्यात दोन्ही होतं. मी रिकामी पाकिटं दुकानामागच्या पोत्यात, सलाईनच्या बाटल्यांखाली लपवत होतो. स्वतःच्याच दुकानात!

तुमचं काय आहे ते बघायला एक शंभर पानी वही घ्या. आठ दिवस काहीही बदलू नका. गोळी घेतली की वेळ लिहा आणि पुढं एकच शब्द: कशासाठी. कंबर, झोप, टेन्शन, भांडण, थरथर, उगाच. आठव्या दिवशी मोजा. 'कंबर' हा शब्द निम्म्यापेक्षा कमी वेळा आला तर गोळी आता कमरेसाठी नाही. माझ्या पानावर छप्पन्नपैकी नऊ वेळा आला होता. सकाळी उठल्याउठल्या घेतलेली गोळी वेगळी मोजा. रात्रभरात अंगातलं औषध उतरतं आणि सकाळी शरीर वसुलीला येतं, म्हणून ती सगळ्यात खरं बोलते.

मला जाग आणली ती वेगळ्याच गोष्टीनं. एका म्हातारीला साखरेची गोळी द्यायची होती, मी झिंगेत दुप्पट ताकदीची दिली. तिची नात कॉलेजला जाणारी. तिनं पायरीवरच पाकीट वाचलं आणि परत आणून गल्ल्यावर ठेवलं. "काका, हे आजीचं नाही." एवढंच बोलली. रात्रभर मला तेच ऐकू येत होतं.

मी जे केलं ते करू नका

दुसऱ्या दिवशी दसरा होता, २०१८चा. आपट्याची पानं वाटली आणि बायकोसमोर शपथ घेतली की आजपासून बंद. आपल्याकडं व्यसन सोडणं म्हणजे शपथ, माळ, नाहीतर अंगारा. जिद्द असली की झालं. मी औषधं विकणारा माणूस, मलासुद्धा तेच वाटलं.

पहिली रात्र जागून काढली. दुसऱ्या दिवशी घामानं बनियन पिळून काढावी असं झालं, मांड्यांचे स्नायू आपोआप उडत होते, चहाचा कप बशीत वाजत होता. दुसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायला लागली. मी बायकोला म्हणलं, रॉकेल आण. मुंग्या नव्हत्याच. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात झटका आला. शुद्धीवर आलो तेव्हा जीभ चावून तोंडात रक्त होतं आणि नाकाशी शेजाऱ्याची चप्पल.

म्हणून पहिला नियम हा, आणि बाकी सगळं विसरलात तरी एवढा धरून ठेवा: रोजची गोळी एकदम बंद करायची नाही. कॅरिसोप्रोडॉल, डायझेपाम आणि बॅक्लोफेन यांच्या बाबतीत तर अजिबात नाही. झटक्यात जीव जाऊ शकतो. घरच्यांनी रागाच्या भरात पाकिटं चुलीत टाकली तर तीच गत.

झटका आलेल्या माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं दगड-खाट बाजूला करा, घड्याळ बघा. कांदा, चप्पल, चमचा, पाणी काही नको. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबला नाही किंवा लागोपाठ दुसरा आला तर १०८ लावा. आणि गोळ्या सोडणाऱ्याला आयुष्यातला पहिलाच झटका आला असेल तर तो थांबला तरी दवाखान्यात न्यायचंच.

याच्या उलटंही होतं, गोळी जास्त झाल्यावर. विशेषतः वर देशी घेतली असेल, किंवा ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, झोपेची गोळी असेल तर. माणूस हाक मारून, खांदा हलवून उठत नाही, घशात घरघर होते, श्वास मोजून घेतल्यासारखा लांब-लांब येतो, ओठ निळे पडतात. "झोपू द्या, उतरंल" असं म्हणून त्याला एकटा सोडू नका. कुशीवर करा, १०८, आणि पाकिटं सोबत द्या. ताक, लिंबूपाणी पाजायचं नाही. ते श्वासनळीत जातं.

कुणाकडं जायचं, काय बोलायचं

मला जीपमधून अंबाजोगाईला नेलं. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "दारू?" मी माळकरी नसलो तरी दारूला शिवलेलो नाही, तर मला रागच आला. बायकोनं पिशवीतून पाकिटं काढून टेबलावर ओतली. सलाईनच्या बाटल्यांखालचीसुद्धा. तिला सगळं ठाऊक होतं.

पुढचं काम मानसोपचाराच्या डॉक्टरचं असतं. गावात त्याला अजून येड्याचा डॉक्टर म्हणतात आणि त्या दारावर ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून लोक थेट पुण्याला जातात. खर्च वाढतो, तपासणीला पुन्हा जाणं होत नाही आणि सगळं वाया जातं. जवळचं गाठा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचं विलासराव देशमुख, नांदेडला विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण, संभाजीनगरची घाटी, ही सगळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जायच्या आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानसचा नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवायची जबाबदारी दवाखान्यावर टाकली आहे, गावात बोभाटा होईल ही भीती थोडी बाजूला ठेवा.

जाताना वही न्या आणि सगळी पाकिटं, रिकामीसुद्धा. आकडा खरा सांगा. लोक लाजून आठच्या चार सांगतात, डॉक्टर चारच्या हिशोबानं औषध लावतो, ते पुरत नाही, आणि पेशंट म्हणतो उपचाराचा उपयोग नाही. दारू, तंबाखू, झोपेच्या गोळ्या, आयुर्वेदिक पुड्या, बीपीची गोळी, मागं कधी झटका आला होता का, जीव द्यावासा वाटतो का, हेही सांगा. बाई असेल तर दिवस गेलेत का, लेकरू अंगावर पितं का. घरात कुणी एक माणूस सोबत न्या, शक्यतो तो जो तुमच्यावर ओरडत नाही.

उतरण

मला सहा दिवस दाखल ठेवलं. रक्त तपासलं, यकृत आणि किडनी बघितली. कॅरिसोप्रोडॉलचा जोर चार-सहा तासांचा, म्हणून शरीर सारखं हेलकावे खातं. डॉक्टरांनी तिच्या जागी अंगात जास्त वेळ टिकणारी गोळी मोजून लावली आणि मग ती पायरी-पायरीनं उतरवत नेली. घाट उतरताना गिअर टाकून उतरतात, न्यूट्रलवर सोडत नाहीत, तसं. सगळ्यांना दाखल करावं लागत नाही. रोजच्या गोळ्या कमी असतील, पूर्वी झटका आलेला नसेल, घरी माणूस असेल तर बाहेरूनही होतं.

किती दिवस लागतात, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. काही महिन्यांची कॅरिसोप्रोडॉल असेल तर डॉक्टर काही दिवसांत ते काही आठवड्यांत उतरवू शकतात. वर्षानुवर्षांचं डायझेपाम असेल तर दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के अशी बारीक कपात चालते आणि त्यात महिने जातात. माझे एकूण साडेतीन महिने गेले. आठवरून शून्यावर यायला उशीर लागला असं वाटत होतं, पण आठवर जायला मला साडेतीन वर्षं लागली होती.

घरात हे असं लावलं. पंधरा दिवसांच्या गोळ्या बायकोच्या ताब्यात, कुलपात. रोजच्या तेवढ्याच तिखट-मिठाच्या जुन्या डब्याच्या कप्प्यांत: सकाळ, दुपार, रात्र. कप्पा रिकामा झाला की दिवस संपला. मी मेडिकलवाला असल्यानं आमच्याकडं आणखी एक करावं लागलं. ती फळी भावाच्या ताब्यात दिली आणि तीन महिने मी त्या कपाटाला हात लावला नाही. वहीत रोज किती घेतली आणि झोप किती तास, एवढं दोनच आकडे. एखाद्या पायरीवर थरथर वाढली तर डॉक्टरला फोन करून तिथंच आठ दिवस थांबायचं. मागं चढायचं नाही, पुढं पळायचं नाही.

झोप सगळ्यात छळते. ती परत येते, पण लाजत-लाजत येते. पहिल्या महिन्यात दोन-अडीच तास, तेही तुटक. दुपारी आडवं व्हायचं नाही, चार वाजल्यानंतर चहा नाही (हे मला गोळी सोडण्यापेक्षा अवघड गेलं), आणि रात्री झोप लागेना म्हणून तळमळत पडण्यापेक्षा उठून ओट्यावर बसायचं. मी त्या रात्रींत दुकानाचा दहा वर्षांचा जुना हिशोब लावला. या काळात मोटारसायकल, ट्रॅक्टर, विहिरीवर उतरणं, फवारणी, कोयता, सगळ्यापासून लांब राहा. हात आपला नसतो.

शेवटची अर्धी गोळी जाता जात नव्हती. शरीराला तिची गरज राहिली नव्हती, पण खिशात नाही म्हणलं की छातीत धस्स व्हायचं. डॉक्टर म्हणाले, ठेवा खिशात, खाऊ नका. चार दिवस कागदाच्या पुडीत बांधून ठेवली. पाचव्या दिवशी धुण्यात गेली.

मध्ये एकदा घसरलो. बहिणीच्या घरी लग्नात, तिच्या सासऱ्याच्या उशाला पाकीट दिसलं, दोन घेतल्या. घरी येऊन वहीत लिहिलं आणि सोमवारी डॉक्टरला दाखवलं. ते चिडले नाहीत. कुणाच्या घरी, किती वाजता, त्या आधी काय झालं होतं, एवढं विचारून घेतलं. नवऱ्या मुलाच्या काकानं चारचौघांत माझ्या दुकानाची थट्टा केली होती. कमरेचा काही संबंध नव्हता.

कंबर तर दुखतेच ना

हो, दुखते. गोळी सुटली तरी मोळी डोक्यावरच आहे. त्यामुळं दुखण्याचं दुसरं काही हाताशी नसेल तर महिनाभरात माणूस पुन्हा माझ्या पायरीवर येतो.

आधी हे बघा: पायातली ताकद जातेय, बसायच्या जागी मुंग्या-बधिरपणा आहे, लघवी तुंबली किंवा कळत नाही, असं असेल तर त्याच दिवशी मोठा दवाखाना. संध्याकाळचा ताप, वजन घटणं आणि पाठीत एकाच ठिकाणी ठणका असेल तर मणक्याचा क्षय नाही ना हे तपासून घ्या. आपल्या भागात हे विसरून चालत नाही. बाकी साध्या कंबरदुखीला पडून राहणं सोसत नाही. पहिले एक-दोन दिवस आराम, मग हळूहळू चालणं. मला फिजिओथेरपीवालीनं चार व्यायाम शिकवले, ते मी दुकान उघडण्याआधी पोत्यावर करतो. रबरी पिशवीत गरम पाणी भरून वीस मिनिटं शेक, मध्ये फडकं घालून. ओझं उचलताना कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं आणि ओझं अंगाला चिकटवून उठायचं. फडात उक्त्यावर काम करणाऱ्याला हे सांगणं सोपं, पाळणं अवघड, हे मला कळतं. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत कमरेला सुट्टी नसते. तरी नवरा-बायकोनं मोळी लहान बांधावी, खेपा दोन जास्त कराव्यात, एवढं ज्यांना जमलं त्यांनी मला येऊन सांगितलंय की फरक पडतो.

कोयत्यावर जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. गोळ्या उतरवायला दिवाळीच्या तोंडावर सुरुवात करू नका. गाडी भरून निघाल्यावर कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात, उसाच्या फडात, कोपीत म्हणजे पाचटाच्या खोपटात झटका आला तर विचारणारं कुणी नसतं. चैत्रात परत आल्यावर लगेच सुरू करा, हातात सहा महिने असतात. मधेच जावं लागलं तर डॉक्टरकडून किती मात्रा चालू आहे ते कागदावर लिहून घ्या आणि निघेपर्यंत आहे त्या पायरीवर स्थिर राहा.

माझ्या धंद्यातल्या भावांनाही एक सांगतो. पाकिटावर लाल रेघ आणि आरएक्सची खूण आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय नाही, आणि पाच दिवसांच्या चिठ्ठीवर पाचच दिवस. पण ज्याला आपण दोन वर्षं देत आलो, त्याला आज अचानक कायदा आठवून "चिठ्ठी आण नाहीतर चालता हो" म्हणू नका. तो दुसऱ्या गावात जाईल किंवा अंगणात पडेल. त्याला खुर्ची द्या, डॉक्टरचा पत्ता द्या, जमलं तर सोबत जा.

अप्पाला मी माझं सगळं सांगितलं, दवाखान्यातून आल्यावर महिन्याभरानं. त्या वर्षी तो तोडीला जाऊन आला, फडात कुठून-कुठून गोळ्या मिळवत राहिला. पुढच्या चैत्रात आम्ही दोघं एसटीनं अंबाजोगाईला गेलो. डॉक्टरांनी विचारलं किती घेता, तर त्यानं माझ्याकडं बघितलं. मी पिशवीतून उधारीची वही काढली. तिसऱ्यांदा पोळा आला तोवर त्याच्या पानावर त्या गोळीची नोंद नव्हती. बाम होता, लेकराचं जुलाबाचं पावडर होतं, बायकोच्या रक्तवाढीच्या गोळ्या होत्या.

मागच्या चैत्रात परत आला तेव्हा जुनी बाकी चुकती केली, ३४० रुपये. मग पायरीवर टेकून म्हणाला, "रबरी पिशवी आहे का ओ, शेकायची? माझी कोपीत उंदरानं कातरली."

दिली. उधारीवर.